खोटी दुपार

१

"हे चित्र माझं नाही," निवडुंगबाई म्हणाल्या.

संग्रहालयाच्या मोठ्या दालनात त्या वेळी मोजून सहा माणसं होती, आणि दाराशी उभी असलेली बाईंची शिष्या. शिडीवर चढून दिवा फिरवणाऱ्या कामगाराचा हात वरच थांबला. व्यवस्थापकांनी आधी हसून घेतलं, कारण बाई थट्टेखोर म्हणून प्रसिद्ध होत्या. मग त्यांनी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसू आवरतं घेतलं.

बाईंचं वय चौऱ्याहत्तर. गेली चाळीस वर्षं दर हिवाळ्यात त्या चित्र टेकवायची घडीची तिकाटी, रंगांची पेटी आणि मोठी छत्री घेऊन वाळवंटात जात आणि तिथली झाडंझुडपं तैलरंगात रंगवून आणत. लोक त्यांना निवडुंगबाई म्हणत आणि त्यांना ते आवडे. स्वभावालाही शोभतं, असं त्यांची सून मनातल्या मनात म्हणे. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी त्यांच्या आयुष्यभराच्या चित्रांचं प्रदर्शन उघडायचं होतं. दारासमोरच्या भिंतीवर मानाचं चित्र लागलं होतं, 'भर दुपार'. माणसाहून उंच खांबासारखा निवडुंग, त्याच्या पायाशी टीचभर सावली आणि मागे उन्हाने पांढरंफटक पडलेलं आकाश. प्रदर्शनाच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरही तेच होतं.

व्यवस्थापकांनी पुस्तक चित्राशेजारी धरलं. "बघा ना बाई, काटा न काटा जुळतोय. खाली सही पण तुमचीच."

"सही कुणालाही करता येते," बाई म्हणाल्या. त्यांनी पुढे होऊन निवडुंगाच्या डाव्या कडेवरून अंगठा फिरवला आणि पुन्हा मान हलवली. "माझं नाही हे."

"आई, तू जरा बस बघू," असं म्हणत त्यांच्या मुलीने त्यांना हाताला धरून बाकावर नेऊन बसवलं. मग ती भावाला आणि भावजयीला घेऊन बाहेरच्या व्हरांड्यात आली. भावजय म्हणजे आपली सूनबाई. गोष्ट तिचीच आहे.

"गेल्या महिन्यात दोनदा गॅस चालू राहिला," नणंद बोटं मोजत म्हणाली. "उलट्या दिशेच्या बसमध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंत गेली. हिला माझ्या नावाने हाक मारते. आणि आता स्वतःचं चित्र ओळखेना! आता आणखी कशाची वाट बघायची? उद्घाटन झालं की मी आईला माझ्याकडे नेते. स्टुडिओला कुलूप. तिथे टर्पेंटाइनच्या बाटल्या आहेत, कधी घर पेटेल सांगता येत नाही."

नवऱ्याने बुटांकडे पाहत मान डोलावली. डोळे पुसायचे नसले की तो बुटांकडे बघत असे.

"आणि त्यांचंच खरं असेल तर?" सूनबाईच्या तोंडून निघून गेलं.

नणंदेने तिच्याकडे रोखून पाहिलं. "तर मग तू सिद्ध कर. दहा दिवस आहेत तुझ्याकडे."

२

सूनबाई घरांचे रंग बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करत होती. कोणता रंग किती तासांत वाळतो, कुठे फुगतो, गिऱ्हाईक कशावरून कुरकुरतं, हे सगळं तिच्या टेबलावर यायचं. "तुझे रंग दारांना, माझे रंग माणसांना," असं सासूबाई तिला हिणवत. बारा वर्षांत दोघींचं गूळपीठ कधी जमलं नव्हतं. पण ही बाई जाऊन वरचा स्टुडिओ कुलूपबंद होणार, ही कल्पना मात्र सूनबाईला सहन होईना. का, ते तिचं तिलाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती वर गेली. स्टुडिओला तीन बाजूंनी काचा होत्या आणि पडदा एकही नव्हता. भिंतींना टेकून चित्रं उभी होती. कुठे राखी पानांची झुडपं, कुठे दगडाच्या फटीत बसलेला गोल निवडुंग. झाडाला हिरवा रंग लावायला सगळेच शिकतात, वाळवंटातल्या झाडाचा हिरवा काढून घ्यावा लागतो, असं बाई म्हणत. त्यांच्या हिरव्यात जांभळा असे, करडा असे. काटे त्या ब्रशच्या उलट्या टोकाने ओल्या रंगात ओरखडून काढत.

"आई, तुम्हाला कशावरून कळलं?"

"वाळू नाही त्यात."

"वाळू?"

"मी ते तिथेच उभं राहून रंगवलंय. दुपारी डावीकडून वारा सुटला आणि ओल्या रंगात वाळू बसली. खरवडली असती तर रंगही निघाला असता, म्हणून तशीच राहू दिली आणि घरी येऊन वरून दुसरा थर दिला. निवडुंगाची डावी बाजू हाताला खरखरीत लागायला हवी. काल लागली गुळगुळीत."

"मग हे सगळ्यांसमोर का नाही सांगितलंत?"

बाईंनी एक कोरडाच ब्रश उचलून फडक्याला पुसला.

"बाकावर बसल्यावर वाटायला लागलं, की ती वाळू दुसऱ्याच कुठल्या चित्रात असेल," त्या हळूच म्हणाल्या. "अगं, मलाच आता माझी खात्री वाटेना."

सूनबाईने खाली येऊन कागद घेतला आणि चित्राचा प्रवास लिहून काढला. दीड वर्षापूर्वी चित्र पूर्ण झालं. काही महिने स्टुडिओत राहिलं, तिथेच पुस्तकासाठी त्याचा फोटो निघाला. मुखपृष्ठाचं चित्र म्हटल्यावर तिच्या नवऱ्याच्या अंगात जबाबदारी संचारली. त्याने चित्र काळ्या कापडात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. बाकीची चित्रं भिंतींना टेकून राहिली, हे एकच वर्षभर कपाटात. दोन महिन्यांपूर्वी त्याने ती किल्ली बाईंच्या शिष्येला दिली. ही शिष्या शाळेत चित्रकला शिकवायची, म्हणून घरात तिचं नाव मास्तरीण. तिने चित्र चौकटवाल्याकडे पोचवलं आणि चौकटवाल्याने संग्रहालयात. म्हणजे हात तीनच. आणि हो, त्याच दिवसांत नणंद आठवडाभर राहायला आलेली होती. खरं सांगायचं तर नणंदच निघावी असं सूनबाईला फार वाटत होतं. पण नणंदेला सरळ रेघ ओढता येत नव्हती, त्याला काय करणार!

चौकटवाल्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. म्हातारा लाकडाच्या भुशात बुडून बसला होता.

"काका, चित्र तुमच्याकडे किती दिवस होतं?"

"आलं तीन आठवड्यांपूर्वी. पंधरा दिवस होतं."

सूनबाईने मनातल्या मनात गणित केलं. किल्ली दोन महिन्यांपूर्वी, चित्र तीन आठवड्यांपूर्वी. मधले पाच आठवडे कुठे गेले?

"त्यात काही वेगळं वाटलं का?"

म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर सरकवला. "वाटलं की! कापड मागून ज्या पट्ट्यांवर ताणतात ना, त्या कोऱ्या होत्या. बाई पट्ट्या कधी नव्या घेत नाहीत. माझ्या वडिलांनी केलेल्या जुन्या लाकडाच्या पट्ट्या त्या आलटूनपालटून वापरतात. म्हटलं, म्हातारपणी हौस केली असेल. आणि कोपऱ्यात आकाशाचा रंग माझ्या नखाला लागला. दीड वर्षाचं चित्र नखाला लागतं होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"मी चौकट करतो, बाई. चौकटीच्या आतलं माझ्याकडे नसतं."

सूनबाई दुकानातून बाहेर आली. भिंतीवर टांगलेलं चित्र खोटं होतं. सासूबाई पहिल्या फटक्यात बरोबर बोलल्या होत्या. पण मग खरं चित्र होतं कुठे?

३

व्यवस्थापकांकडून काही हाती लागलं नाही. "माझं म्हणाल तर, छापील पुस्तकाशी जुळतं तेच चित्र मी टांगणार," ते म्हणाले. "पाच हजार प्रती आल्यात. मुखपृष्ठ एक आणि भिंतीवर भलतंच, असं करून लोकांकडून हसं करून घेऊ?"

शनिवारी शाळा सुटल्यावर ती मास्तरणीला भेटली. मास्तरीण बेचाळीस वर्षांची, अबोल आणि कामसू. वीस वर्षं बाईंच्या हाताखाली शिकलेली. बाईंची मनगटं दुखायला लागल्यापासून त्यांचा पांढरा रंग तीच तयार करून द्यायची. काचेच्या पाट्यावर पांढरी पूड आणि जवसाचं तेल घेऊन तासभर घोटत बसायची.

"नेताना चित्र मी पाहिलंच नाही हो," मास्तरीण म्हणाली. "काळं कापडसुद्धा सोडलं नाही, होतं तसंच नेऊन दिलं. परीक्षा होत्या म्हणून जरा उशीर झाला एवढंच. बाई कशा आहेत? जेवतात ना?"

"जेवतात. पण बोलत नाहीत."

मास्तरणीने मान खाली घातली. टेबलावर अर्धवट रंगवलेलं एक छोटं चित्र होतं आणि शेजारी तेलाची वाटी. सूनबाईचं नाक तिच्या धंद्यामुळे तिखट झालेलं.

"करडईचं तेल?"

"हो. जवस सोडलं मी आता."

"वीस वर्षांनी?"

"असंच. वास सोसत नाही," असं म्हणून तिने वाटीवर झाकण ठेवलं.

घरी येताना सूनबाईच्या डोक्यात म्हाताऱ्याच्या पट्ट्या घोळत होत्या. नक्कल नव्या पट्ट्यांवर होती, म्हणजे जुन्या पट्ट्या खऱ्या चित्रासोबतच असणार. रविवारी सकाळी ती स्टुडिओत गेली. एका कोपऱ्यात कोऱ्या कॅनव्हासची चळत उभी होती, बाईंच्या पुढच्या कामासाठी मास्तरणीने ताणून ठेवलेली. वाळवंटातून आल्यापासून बाईंनी त्या चळतीला हात लावला नव्हता. सूनबाईने एकेक पुढे ओढून मागची बाजू पाहिली. सगळ्यांच्या मागे तेच काळपट जुनं लाकूड होतं, कोपऱ्यांत पाचरी ठोकलेल्या. पाचवा कॅनव्हास तिने उचलून पाहिला. कोरं कापड एवढं जड नसतं. कडेला खिळ्यांच्या दोन रांगा होत्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिने पक्कडीने वरच्या रांगेतले खिळे काढले. कोरं कापड सुटलं, खालचा पातळ कागद सरकला आणि निवडुंग दिसला. डाव्या कडेवर तिने बोट फिरवलं. खरखर लागली. ती आनंदाने ओरडणार, एवढ्यात तिची नजर वर गेली.

आकाश पिवळं होतं. कावीळ झालेल्या माणसाच्या डोळ्यांसारखं, आजारी पिवळं.

अर्ध्या तासात सगळे वर जमले. नणंद चित्रासमोर उभी राहिली आणि तिच्या आवाजात राग नव्हता, खरं दुःख होतं. "म्हणजे आईनेच पुन्हा काढायला घेतलं, जमलं नाही, आकाश बिघडलं, म्हणून झाकून ठेवलं. आणि विसरून गेली. दादा, मला हे बघवत नाही रे."

"यात वाळू आहे," सूनबाई म्हणाली. "हेच खरं आहे."

"वाळू आई कुठेही टाकेल! फोटोत बघ, आकाश पांढरं आहे. संग्रहालयातलं पांढरं आहे. हे पिवळं. मग खरं कुठलं?"

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी आकाशाकडे खूप वेळ पाहिलं. असं आकाश त्यांनी रंगवलेलं नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. आणि हे चित्र त्यांचंच होतं, हेही ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात कशा राहणार?

"असेल बाबा," त्या म्हणाल्या. "मीच केलं असेल. मी जाईन हिच्याकडे."

४

मदत करायला गेली आणि सूनबाईने सासूबाईंना खड्ड्यात ढकललं. त्या दुपारी ती स्वयंपाकघरात स्वतःवर चरफडत उभी होती. किती दिवस उरले ते मोजावेत म्हणून तिने स्वयंपाकघराच्या दारावर टांगलेलं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं. सात दिवस. कॅलेंडर परत लावायला तिने हात वर केला आणि तो तसाच राहिला.

पांढऱ्या दारावर, कॅलेंडरच्या मापाचा, एक पिवळा चौकोन होता.

सूनबाई दारासमोर उभी राहून हसायला लागली. नवरा धावत आला. याही बाईचं डोकं गेलं, असंच त्याला वाटलं असणार.

"काय झालं?"

"काही नाही. मी मूर्ख आहे. बारा वर्षं पगार घेते आणि मूर्खच आहे."

तिने कुणाला काही सांगितलं नाही. सांगून उपयोग नव्हता, दाखवायला हवं होतं. पिवळं चित्र तिने स्टुडिओत काचेलगत, दिवसभर ऊन येईल अशा जागी ठेवलं. आकाशाच्या उजव्या अर्ध्या भागावर जाड काळा कागद अलगद बसवला आणि कडा बाहेरून चिकटवून टाकल्या. डावा अर्धा उघडा. मग तिने घरात बजावून सांगितलं, की शनिवारपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही.

सोमवारी ऊन पडलं. मंगळवारी आणि बुधवारी आभाळ भरून आलं आणि सूनबाईच्या तोंडचं पाणी पळालं. कारखान्यात ती खिडकीकडे बघत बसली. साहेबांनी विचारलं, "पावसाची वाट बघताय का?" ती म्हणाली, "नाही, नेमकी उलट." गुरुवारी ऊन पुन्हा निघालं. रोज घरी आल्यावर ती जिना चढायची आणि रोज तिला वाटायचं, काहीच फरक नाही. सारखं बघत राहिलं की फरक दिसतच नाही. शुक्रवारी नणंदेने आईसाठी मोठी बॅग आणून ठेवली. बाईंनी स्वतःच्या हाताने तिच्यात चार साड्या घातल्या. रंगांच्या पेटीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

५

शनिवारी अकरा वाजता सूनबाईने सगळ्यांना स्टुडिओत बोलावलं. नवरा, नणंद, व्यवस्थापक, चौकटवाला आणि मास्तरीण. बाई खुर्चीवर बसल्या होत्या, जायला निघालेल्या पाहुण्यासारख्या.

"तुम्ही सगळे एकच गोष्ट धरून बसलात," सूनबाई म्हणाली. "जे चित्र फोटोशी जुळतं ते खरं. मीही तीच धरून बसले होते. पण फोटो काढला त्याला वर्ष झालं. त्यानंतर खरं चित्र कुठे होतं?"

"कपाटात," नवरा म्हणाला. "काळ्या कापडात. मी स्वतः डोळ्यांत तेल घालून जपलं."

"तिथेच घोळ झाला. जवसाच्या तेलातला पांढरा रंग अंधारात राहिला की पिवळा पडतो. आमच्या कारखान्यात महिन्याला दहा तक्रारी येतात. कपाटामागचं दार पिवळं पडलं, कॅलेंडरखालचं पिवळं पडलं. आम्ही ठरलेलं उत्तर पाठवतो, की त्याला उजेड लागू द्या. आईंची चित्रं आजवर या काचांच्या खोलीतच राहिली, नाहीतर लोकांच्या भिंतींवर. अंधारात वर्षभर राहिलेलं हे पहिलंच. म्हणून त्यांनाही हे कधी दिसलं नाही. जे चित्र वर्षभर त्या कपाटात होतं, ते पिवळं पडायलाच हवं. संग्रहालयातलं पांढरंशुभ्र आहे, म्हणजे ते त्या कपाटात नव्हतंच. ते फोटोवरून काढलेलं आहे."

"हे झालं तुझं म्हणणं," नणंद म्हणाली. "पुरावा?"

सूनबाईने काळ्या कागदाचं टोक धरलं. एवढ्या दिवसांत तिने एकदाही तो उचलून पाहिला नव्हता. तिने कागद ओढला.

आकाशाच्या मधोमध सरळ रेघ होती. कागदाखालचा उजवा भाग पिवळा. उन्हातला डावा भाग पांढरा. अगदी पुस्तकातल्याइतका अजून नाही, पण पांढरा, भर दुपारचा पांढरा. चौकटवाल्याने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं. व्यवस्थापकांनी पुस्तक उघडून त्या भागाशेजारी धरलं आणि मिटलं.

"मग नक्कल कुणी केली?" नवऱ्याने विचारलं.

"जिने हे पिवळं आकाश आधी पाहिलं तिने. पिवळं दिसल्यावर कुणालाही वाटेल की रंग बिघडला. आणि पांढरा रंग जी स्वतः घोटते, तिला वाटेल की आपलं तेलच वाईट निघालं. अशी बाई काय करेल? दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ती जवस सोडेल आणि करडई घेईल. करडईचं तेल पिवळं कमी पडतं. पण ते वाळतं उशिरा, म्हणून काकांच्या नखाला रंग लागला." सूनबाईने मास्तरणीकडे पाहिलं. तिला हे बोलताना बरं वाटत नव्हतं. "तुम्ही म्हणालात, काळं कापड सोडलंच नाही. मग वीस वर्षांनी जवसाची भीती कुठून आली?"

मास्तरीण उभी होती तिथेच खाली बसली.

"कपाट उघडून कापड सोडलं आणि हे आकाश दिसलं," ती म्हणाली. "वाटलं, बाईंचं सगळ्यात चांगलं चित्र मी मारलं. माझ्या हातच्या रंगाने. पाच आठवडे घरी बसून काढलं. सुकेना, तरी दिलं. पण हे... हे घरी नेलं असतं तर चोरी झाली असती. जाळवेना. म्हणून इथेच ठेवलं, यांच्याच पट्ट्यांवर."

"आणि त्या दिवशी दालनात?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज कोरडा होता. "मी माझं नाही म्हणाले तेव्हा तू दाराशी होतीस. मला वेडी ठरू दिलंस."

"तोंड उघडलं होतं बाई. शब्दच आला नाही. तेव्हापासून झोपले नाहीये मी."

बाईंनी मास्तरणीकडे पाहणं सोडून सुनेकडे पाहिलं.

"म्हणजे मी बरोबर होते?"

"हो आई."

"पहिल्यापासून?"

"पहिल्या शब्दापासून. या सगळ्या घोळात एकटं तुमचंच डोकं जागेवर होतं."

बाईंनी पदर तोंडाला लावला. खांदे गदगदा हलायला लागले. नणंद घाबरून पुढे धावली, पण बाई हसत होत्या, आणि रडतही होत्या. त्यांचं त्यांनाच आवरत नव्हतं. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते सूनबाईने त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. तिचाही पडला. नवरा या वेळी बुटांकडे न बघता उघडपणे डोळे पुसत होता आणि तोंडाने "मीच ठेवलं होतं अंधारात, मीच ठेवलं होतं" असं घोकत होता.

हसू ओसरल्यावर बाई मास्तरणीला म्हणाल्या, "आकाश पिवळं पडलं म्हणून मी तुला घालवली असती? वीस वर्षांत मला एवढंच ओळखलंस? रंग बिघडला तर परत घोटता येतो. तू गप्प बसलीस त्याचं काय करायचं, ते मला अजून कळत नाही. राग जायला वेळ लागेल माझा." त्या थांबल्या. "सोमवारपासून ये. घरी बसून राहिलीस तर तो जायचाच नाही."

मास्तरीण ओंजळीत तोंड लपवून रडली. चौकटवाल्याने नको तेवढ्या जोराने नाक शिंकरलं.

नणंद आईच्या खुर्चीशेजारी बसली. "मला भीती वाटली गं," ती म्हणाली. "दुसरं काही नव्हतं मनात."

"मलाही वाटली," बाई म्हणाल्या. "विसरते मी, ते खोटं नाही. डॉक्टरकडे येईन. गॅसला तुम्ही काय ते बटण बसवा. पण काय विसरले आणि काय नाही, हे यापुढे मला विचारून ठरवायचं. माझ्या पाठीमागे व्हरांड्यात नाही."

"बरं," नणंद म्हणाली. तिने भावजयीकडे पाहिलं, काहीतरी म्हणायला गेली आणि नुसताच तिचा हात दाबला. सूनबाईला आठवडाभर हीच गुन्हेगार निघावी असं वाटत होतं, त्याची तिला आता जराशी लाज वाटली. जराशीच.

रविवारी उद्घाटन झालं. अर्धं पांढरं आणि अर्धं पिवळं आकाश असलेलं चित्र दारासमोर लागलं. पुस्तकाशी ते जुळत नव्हतं म्हणून व्यवस्थापक तासभर तोंड पाडून फिरले. मग त्याच चित्रासमोर सगळ्यात जास्त गर्दी झालेली पाहून स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्याला जवसाच्या तेलाची गोष्ट सांगायला लागले, जणू ती त्यांनीच शोधून काढली होती.

संध्याकाळी नणंद आपल्या घरी परत गेली. एकटीच. मोठी बॅग तिने रिकामी करून नेली आणि चार साड्या कपाटात जागच्या जागी लावून ठेवल्या. तिला निरोप देऊन सूनबाई स्वयंपाकघरात आली, चहाचं आधण ठेवलं आणि अचानक ओट्याला टेकून हुंदके देऊन रडायला लागली.

नवऱ्याने गॅस बारीक केला. "आता काय झालं? सगळं तर नीट झालं ना?"

"झालं ना," ती डोळे पुसत म्हणाली. "ऐक."

त्याने कान दिला. डोक्यावर, स्टुडिओत, पावलं वाजत होती. काहीतरी जड फरशीवरून ओढलं गेलं, थांबलं, पुन्हा ओढलं गेलं. मग वरून खणखणीत हाक आली, या खेपेला तिच्याच नावाने, नि एकट्या माणसाने ही तिकाटी किती वेळ हलवायची, अशी चौकशी झाली.

सूनबाईने आधण उतरवून ठेवलं आणि ती दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर गेली.